भिंतींचा रंग आधी पाहायचा कसा आणि पक्का कधी करायचा? (नागपूरच्या घरांसाठी)

भिंत_आणि_उजेड (धागाकर्ती)

पावसाळा ओसरला की नागपुरात घरोघरी रंगाची बोलणी सुरू होतात. भिंतींतली ओल जायला हवी, दिवाळीआधी पेंटर मोकळा मिळायला हवा, पाहुणे यायच्या आत सामान परत जागेवर लागायला हवं. या सगळ्या घाईत सर्वांत कमी वेळ मिळतो तो रंग निवडायला. पुट्टी आणि घासकामात आठवडा जातो आणि शेड मात्र दुकानाच्या काउंटरवर उभ्या उभ्या ठरते. मग पहिला हात मारून झाला की घरातलं कुणीतरी म्हणतं, "आपण हा रंग सांगितलाच नव्हता." शेडचा कोड तपासला तर तोच असतो. डबाही बरोबर असतो. फसवलेलं कुणीच नसतं, तरी घरात आठ-दहा वर्षं रोज बघायची भिंत नावडती होऊन बसते.

मी इथे घरांच्या आतल्या सजावटीचं काम करते. धरमपेठेतल्या जुन्या बंगल्यांपासून बेसा-मनीषनगरच्या नव्या फ्लॅटपर्यंत हा प्रकार सगळीकडे सारखाच दिसतो, म्हणून धागा काढला.

शेडकार्ड का फसवतं, ते आधी सांगते. कार्डावरचा तुकडा दोन बोटांएवढा असतो आणि त्याच्या भोवती पांढरी कड असते. पांढऱ्याच्या शेजारी फिकट रंग आहे त्यापेक्षा गडद भासतो. म्हणून कार्डावर छान हस्तिदंती वाटलेली शेड खोलीभर लावल्यावर नुसती पांढरी दिसते. भडक रंगांचं उलटं होतं. चारही भिंती पिवळ्या झाल्या की उजेड एका भिंतीवरून दुसरीवर जातो, तिथून तिसरीवर, आणि प्रत्येक वेळी आणखी पिवळा होऊन परततो. कार्डावर शांत वाटलेला पिवळा मग डोळ्यांवर येतो. थोडक्यात चूक दोन्ही दिशांनी होते, त्यामुळे "एक शेड फिकी घ्या" हा सरसकट सल्ला उपयोगाचा नाही.

माझं मत असं की दुकानात चाळीस शेडमधून तीन काढाव्यात. त्या तिनांतली एक घरातच ठरवावी, त्या खोलीत, त्या खोलीच्या उजेडात. त्यासाठी मी पाट करून घेते. हार्डबोर्डचा किंवा पातळ प्लायचा २ फूट बाय २ फूट तुकडा, त्यावर पुट्टी, प्रायमर आणि जो रंग लागणार आहे त्याच रंगाचे दोन हात. कडेपर्यंत रंग, पांढरी चौकट अजिबात ठेवायची नाही. हा पाट सोफ्यामागे टेकवता येतो, खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर नेता येतो, खिडकीसमोर धरता येतो. एकाच खोलीत खिडकीची भिंत आणि तिच्या समोरची भिंत यांवर एकच शेड दोन वेगळ्या शेडसारखी दिसते. घरमालकाने हे एकदा स्वतः पाहिलं की पुढची अर्धी चर्चा वाचते.

तुम्ही कसं करता? दुकानदार, पेंटर, घरमालक सगळ्यांनी लिहा.

इतवारीकर

ताई, चांगला विषय काढला. माझं रंगाचं दुकान आहे, त्यामुळे काउंटरच्या अलीकडची बाजू मांडतो.

लोक मोबाईलवर फोटो घेऊन येतात आणि म्हणतात, "हा द्या." फोटोतला रंग देता येत नाही. फोटो कुठल्या उजेडात काढला, कॅमेऱ्याने काय केलं, वर कुणी फिल्टर लावला का, काहीच कळत नसतं. मशीनला लागतो कोड. मशीन काय करतं तेही सांगून ठेवतो. डब्यात आधीच बेस, म्हणजे रंगद्रव्य न पडलेला मूळ रंग असतो, त्यात कोडप्रमाणे थेंबाच्या हिशेबाने रंगद्रव्य पडतं आणि डबा हलवून मिळतो. फिक्या शेडला पांढरा बेस लागतो. गडद शेडला वेगळा बेस लागतो, त्यात पांढरं फार कमी असतं. म्हणून "याच डब्यात थोडा आणखी टाकून गडद करून द्या" हे प्रत्येक वेळी जमत नाही.

दुसरी गोष्ट. एका कंपनीच्या कार्डावरची शेड दुसऱ्या कंपनीच्या रंगात काढून मागतात, कारण तो स्वस्त पडतो. आम्ही काढून देतो, जवळपास जुळतेही. पण दोघांची रंगद्रव्यं वेगळी असतात. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली जुळलेली शेड घरच्या पिवळ्या दिव्याखाली वेगळी दिसू शकते. ज्या कंपनीचा रंग घ्यायचा, नमुनाही तिच्याच रंगाचा करा.

पाटासाठी १ लीटरचा डबा पुरून उरतो. काही कंपन्या नमुन्यासाठी छोटा डबाही देतात, दुकानात विचारा. उरलेला रंग फेकू नका, स्टोअररूमच्या आतून लावून टाका.

मनीषनगर_३०४

आमच्या घरात सध्या हाच वाद सुरू आहे. ह्यांना हॉलमध्ये ग्रे हवा आहे, मला उबदार काहीतरी हवं आहे. आम्ही एका कंपनीच्या अ‍ॅपवर हॉलचा फोटो टाकून दोन्ही पाहिले. अ‍ॅपमध्ये ग्रे खरंच सुरेख दिसतोय. मग पाटाची गरज आहे का? अ‍ॅपवरून ठरवलं तर काय बिघडेल?

भिंत_आणि_उजेड

अ‍ॅप मीही वापरते, आणि घरमालकांना मुद्दाम वापरायला सांगते. त्यावर फार उपयोगी प्रश्न सुटतात. गडद भिंत टीव्हीमागे हवी की सोफ्यामागे? चारही भिंती एकच ठेवायच्या की एक वेगळी? दाराची चौकट पांढरी ठेवली तर कशी दिसेल? बसायची जागा उठून दिसते की दबते? हे सगळं स्क्रीनवर पाच मिनिटांत कळतं आणि पैसे लागत नाहीत.

शेड मात्र स्क्रीनवर ठरत नाही. फोन आधी फोटोतला उजेड स्वतःच्या हिशेबाने दुरुस्त करतो, म्हणजे तुमच्या हॉलचा खरा उजेड तिथेच गेला. त्यावर अ‍ॅप सपाट रंग चढवतं. मग स्क्रीनची चमक आली. रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून बऱ्याच फोनमध्ये स्क्रीन पिवळसर व्हायची सोय चालू असते, तिने ग्रेसुद्धा उबदार दिसतो. तुमच्या दोघांच्या फोनवर तीच शेड शेजारी शेजारी उघडून बघा, तिथेच फरक दिसेल. अ‍ॅपवर जागा ठरवा, पाटावर शेड ठरवा.

आणि ३०४, तुमच्या दोघांचा वाद मिटू शकतो. ग्रे एकाच प्रकारचा नसतो. काही ग्रे निळ्याकडे झुकतात, काही हिरव्याकडे, काही मातीकडे. शेडकार्डाच्या त्याच पट्टीतली सर्वांत गडद शेड बघा, झुकाव तिथे उघडा पडतो. मातीकडे झुकणारा ग्रे दोघांनाही चालेल असं वाटतं. पण पाट केल्याशिवाय हो म्हणू नका.

नवतपा

नागपूरचा उल्लेख आहे म्हणून एक गोष्ट लिहितो, जी शेडकार्डावर कुठेच नसते. आपल्या घरांचा उजेड वर्षातून दोनदा बदलतो.

मार्च संपला की खिडकीत कूलर चढतो. मोठा कूलर अर्धी खिडकी खातो, उरलेल्यावर पडदा येतो. गॅलरीवर, अंगणावर हिरवी नेट ताणली जाते. त्या नेटमधून आत येणारा उजेड हिरवा असतो आणि तो थेट भिंतीवर बसतो. आमच्या हॉलची बदामी शेड एप्रिल ते जून चक्क आजारी दिसते. नेट काढली की पुन्हा ठणठणीत. रंग ऑक्टोबरात पाहून घेतला होता, तेव्हा ना कूलर होता ना नेट.

शिवाय सूर्याची चाल. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या खाली आहे. मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून जरा उत्तरेलाच असतो, आणि सकाळ-संध्याकाळचं ऊन उत्तरेच्या खिडकीतून तिरपं आत येतं. डिसेंबरात उलट, भर दुपारीही सूर्य दक्षिणेला जेमतेम ४५ अंशांवर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत लांबवर शिरतं. उत्तरेची खोली वर्षभर थंड-निळसर उजेडाची असते, हे पुस्तकातलं वाक्य आपल्याकडे मे-जूनमध्ये तंतोतंत लागू पडत नाही.

भिंत_आणि_उजेड

नवतपा, हिरव्या नेटचा मुद्दा सोन्यासारखा आहे! यापुढे मी नमुना दाखवताना नेटचा एक तुकडा खिडकीवर धरूनच दाखवणार. ज्यांच्याकडे दरवर्षी नेट लागते त्यांनी हिरवट झाक असलेल्या शेड टाळाव्यात. किंचित गुलाबी किंवा मातकट झाक असलेली शेड तो उजेड चांगला सहन करते.

हेच जमिनीचंही. कोटा दगडाची फरशी हिरवट-राखाडी उजेड वर फेकते, लालसर टाइल्स लाल. भिंतीचा खालचा तीन-चार फुटांचा भाग फरशीचा रंग घेतो. म्हणून पाट हातात डोळ्यांसमोर धरून पाहू नका, भिंतीला टेकवून, खाली फरशीपर्यंत उभा ठेवून पाहा. समोरच्या घराची भिंत भगवी किंवा तोतापरी हिरवी असेल तर तिचाही उजेड खिडकीतून येतो. आपल्या वस्त्यांमध्ये घरं इतकी जवळ आहेत की शेजाऱ्याचा रंग आपल्या हॉलमध्ये असतोच.

रोलरभाऊ

ताई, मी पेंटर आहो. तुम्ही पाटाचं लिहिलं ते बरोबर, पण साइटवर काय होऊन राहिलं ते सांगतो.

घरमालक म्हणतो, भिंतीवरच एक ठिगळ मारून दाखवा. आपण मारतो. पण ते ठिगळ बहुतेक वेळा नुसत्या पुट्टीवर ब्रशनं मारलेलं राहते. पुट्टी रंग पिऊन घेते, त्यामुळं शेड मळकट आणि फिकी दिसते. मग तो म्हणतो गडद पाहिजे. प्रायमर मारून दोन हात झाले की तीच गडद शेड अंगावर येते. नमुना मारायचा तर खाली प्रायमर पाहिजेच, आणि भिंत रोलरनं होणार असेल तर नमुना बी रोलरनंच पाहिजे. ब्रशच्या रेघा उजेड वेगळा धरते.

दुसरं, ओला रंग पाहून कोणी हो-नाही करू नका. आजचा इमल्शन, म्हणजे पाण्यानं पातळ होणारा भिंतीचा रंग, ओला असताना दुधावाणी दिसते, वाळला की उतरून गडद होते. दुसरा हात चार-सहा तासांनी मारतात, अन् खरी शेड त्याच्या दुसऱ्या दिवशी दिसते. मालक संध्याकाळी ऑफिसातून येते, ओलं ठिगळ पाहते, अन् फोन करते की "हा नाही, बदलवा." काहून घाई करता?

तिसरं, भिंतीवर चार शेडची चार ठिगळं एकमेकाले चिटकवून मारू नका. एक शेड दुसरीले बिघडवते. अन् ठिगळाची कड जाड राहिली तर वरून तीन हात मारले तरी बाजूच्या उजेडात तो चौकोन दिसून येते. मारलंच तर कड पातळ ओढा अन् काम सुरू करायच्या आधी पॉलिश पेपरनं घासून घ्या. म्हणून मलेबी पाट जास्त पसंत आहे.

संत्रा_बर्फी

रोलरभाऊंच्या प्रतिसादाला +१०० . वाचनखूण साठवली आहे.

उजेडाचा_हिशेब

दिव्यांबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. नोकरदार माणूस स्वतःचा हॉल आठवड्यातले पाच दिवस दिव्याखालीच पाहतो. सकाळी घाईत निघतो, परत येतो तेव्हा अंधार.

एलईडी बल्बच्या खोक्यावर केल्विनमध्ये आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ४००० म्हणजे मधला, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. आपल्याकडे बहुतेक घरांत सवयीने ६५०० चा बल्ब लागतो. त्याखाली निळ्या झाकेचा ग्रे सरकारी दवाखान्याच्या भिंतीसारखा दिसतो आणि क्रीम शेड फिक्कट पडते. हेच घर पुढे फॉल्स सिलिंग करून कडेने ३००० ची पट्टी लावतं आणि क्रीम एकदम हळदी होते.

खोक्यावर आणखी एक आकडा असतो, सीआरआय. दिवा रंग किती खरे दाखवतो याचं ते माप, १०० पर्यंत जातं. साध्या बल्बला ८० च्या आसपास असतं, ९० च्या वरचे थोडे महाग मिळतात. ज्या भिंतीवर इतका खर्च केला तिच्यासाठी तरी ९० चा दिवा घ्यावा.

माझा आग्रह इतकाच: दिवे आधी ठरवा, मग रंग पक्का करा. फॉल्स सिलिंगचं काम बाकी असेल तर जो बल्ब लागणार आहे तो आणून होल्डरला लावा आणि त्याखाली रात्री पाट बघा.

महालची_काकू

मंडळी, तुम्ही सगळे नव्या घरांचं बोलताय. आमचं महालातलं घर जुनं, भिंती चुन्याच्या. तिथलं गणित निराळं आहे.

चुना ओला असताना गडद, जवळपास पारदर्शक दिसतो आणि वाळला की पांढरट होत फिका पडतो. वर रोलरभाऊंनी इमल्शनचं सांगितलं त्याच्या बरोबर उलटं. आमच्याकडे चुन्यात नीळ किंवा पिवडी घालायचे तेव्हा माझ्या सासूबाई आधी कोपऱ्यात हातभर जागा रंगवून दोन दिवस तशीच ठेवायला लावत. ओल्यावर काही बोलायचं नाही, हा नियम.

जुन्या चुन्याच्या भिंतीवर थेट प्लास्टिकसारखा घट्ट रंग चढवला तर आतली ओल बाहेर पडायला जागा राहत नाही. मग पोपडे येतात, पांढरा क्षार फुटतो. शेडचा नमुना कितीही सुंदर दिसला तरी भिंत ओली असेल तर तो नमुना खोटा, कारण ओली जागा गडद दिसते आणि पुढे डाग पडतो. पावसाळ्यानंतर नुसतं ऊन पडलं म्हणून भिंत वाळली असं धरू नका.

आणि मुलींनो, साडी घेताना आपण सीताबर्डीच्या दुकानातून पायरीवर येऊन उजेडात धरून पाहतोच ना? दुकानदारही काही म्हणत नाही. मग रंगाच्या बाबतीत एवढा संकोच कशाला?

मनीषनगर_३०४

काकू, अगदी पटलं. उद्याच पाट करायला देते.

एक विचारायचं होतं. सासूबाईंना मोतीबिंदू आहे, पुढच्या महिन्यात ऑपरेशन ठरलंय. त्यांच्या खोलीचा रंग त्यांच्याच आवडीने घ्यायचा आहे. आत्ता घ्यावा की थांबावं?

भिंत_आणि_उजेड

थांबा. डोळ्यांची तब्येत डॉक्टरच सांगतील, मी फक्त रंगापुरतं बोलते. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग पिवळसर-तपकिरी होत जातं, त्यामुळे जगच पिवळ्या काचेतून पाहिल्यासारखं होतं आणि निळे रंग दबतात. ऑपरेशननंतर अनेकांना निळा आणि पांढरा एकदम लख्ख दिसायला लागतो. आत्ता त्यांना "छान मोतिया" वाटणारी शेड नंतर ओळखू येणार नाही, किंवा आत्ता आवडलेला निळा नंतर फार चढा वाटेल. डोळा स्थिरावल्यावर पाट त्यांच्या पलंगासमोर ठेवा आणि त्यांना झोपून, बसून दोन्ही प्रकारे पाहू द्या.

वयस्कर माणसांच्या खोलीत आणखी एक बघावं. भिंत, दार आणि बटणांचा बोर्ड सगळं पांढरं असेल तर रात्री उठल्यावर दाराची कड आणि बटण सापडत नाही. दाराची चौकट भिंतीहून स्पष्ट गडद ठेवा. हे अ‍ॅपवर आधी छान तपासता येतं: फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, दार भिंतीत हरवत असेल तर फरक कमी आहे.

घरातल्या सगळ्यांनी पाट पाहावा, हा माझा हट्ट असतो. ज्यांच्या हातात पैसे आहेत त्यांनीच हो म्हणायचं आणि जी दुपारभर त्या स्वयंपाकघरात उभी असते तिला विचारायचंच नाही, हे मला पटत नाही. स्वयंपाकघराचा रंग तिने ठरवावा. अभ्यासाच्या खोलीचा मुलांनी.

पुण्यात_राहणारा_नागपूरकर

माझा प्रश्न जरा वेगळा. आई-बाबा त्रिमूर्तीनगरला, मी हिंजवडीत. ते म्हणतात, "तू बघ आणि सांग." व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतात. मागच्या खेपेला ठेकेदाराने पाठवलेल्या फोटोवरून मी हो म्हटलं, आणि दिवाळीला घरी गेलो तर बेडरूमच्या भिंतीला चकाकी होती. मला मॅट हवा होता. शेड बरोबर होती, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती. लांबून पसंती द्यायची तर काय करावं?

इतवारीकर

फिनिश हा रंगाचाच भाग आहे, भाऊ. तोच कोड मॅटमध्ये मऊ आणि गडद दिसतो, शीनमध्ये, म्हणजे चकाकीच्या फिनिशमध्ये, उजळ आणि कोपऱ्यात चमकतो. चकाकीत भिंतीचे उंचवटेही दिसतात, विशेषतः खिडकीच्या बाजूने उजेड येत असेल तर. मॅट ते झाकतो, पण लहान मुलांचे हात पुसायला मॅट अवघड. म्हणून कोडसोबत प्रॉडक्टचं पूर्ण नाव आणि फिनिश लिहून घ्या. डब्याचा फोटो मागवा, झाकणावरच्या चिकटवलेल्या चिठ्ठीसकट. त्यावर कोड, बेस आणि डब्याचं माप असतं.

भिंत_आणि_उजेड

लांबून पसंती द्यायची असेल तर ठेकेदाराला दोन छोटे तुकडे करायला सांगा, वहीच्या पानाएवढे, त्याच डब्यातून. एक आई-बाबांकडे राहील, दुसरा कुरिअरने तुमच्याकडे. फोनवर बोलताना दोघांच्या हातात तोच खरा रंग असेल. फोटो मागवायचाच तर शेजारी कोरा पांढरा कागद धरून, दिवसा, दिवे बंद करून काढायला सांगा. कागद फोटोत पिवळा किंवा निळा दिसला तर समजा रंगही तितकाच सरकलेला आहे. पण शेवटचा शब्द आई-बाबांचा ठेवा. तिथे ते राहतात.

पसंती लेखी असावी, यावर मी अडून बसते. घरमालकावर अविश्वास आहे म्हणून नाही. तोंडी बोलण्यात "तो दुसरा, जरा फिका" एवढंच उरतं, आणि पेंटरला त्यातून काही कळत नाही. मी खोलीवार संदेश पाठवते आणि घरमालकाचं "मंजूर" आल्याशिवाय डबा फोडू देत नाही. साधारण असा:

"हॉल, टीव्हीची भिंत: कंपनी, प्रॉडक्ट, शेडचं नाव आणि कोड, फिनिश मॅट. हॉलच्या उरलेल्या तीन भिंती: तेच प्रॉडक्ट, दुसरा कोड, मॅट. बीमची खालची बाजू सिलिंगच्या रंगात. खिडकीची आतली कड भिंतीच्या रंगात. पाट पाहिला: सकाळी, दुपारी चारला, रात्री घरच्या दिव्यात. पाहणारे: घरातले सगळे."

बीम आणि खिडकीच्या कडा यात मुद्दाम आहेत. काम थांबतं ते याच जागी. भिंत कुठे संपते आणि सिलिंग कुठे सुरू होतं हे आधी कुणीच ठरवलेलं नसतं, आणि पेंटर शिडीवर उभा राहून विचारतो.

वास्तु_मानणारा

उत्तरेला हा रंग, आग्नेयेला तो, असं आमच्याकडे पाळतात. या पद्धतीत ते बसतं का?

भिंत_आणि_उजेड

नक्कीच बसतं. घरच्यांनी हिरवा सांगितला असेल तर हिरव्यात शेकडो शेड आहेत. त्यातल्या तीन निवडून पाट करा, बाकी सगळं तेच.

नवे_घर_हुडकेश्वर

आमचं बांधकाम नुकतंच झालंय, प्लास्टर होऊन तीन आठवडे झालेत. ठेकेदार म्हणतो, लगेच रंग सुरू करू. आणि मुलीला तिच्या खोलीत एक भिंत लाल हवी आहे.

रोलरभाऊ

प्लास्टर नवं असेल तर थांबा दादा. कमीत कमी २८ दिवस तर सांगतातच, अन् भिंत आतून ओली लागली तर त्याहून जास्त. नव्या सिमेंटात क्षार राहते, त्यानं रंग जागोजागी फिका पडते, ठिपके येते. शेड कितीबी चांगली निवडली तरी मग उपयोग नाही.

लाल अन् भडक पिवळा, या दोन रंगांचं अंग पातळ राहते. खालचं झाकत नाही. पांढऱ्या प्रायमरवर दोन हातांत लाल कधी पुरा होत नाही, तीन-चार लागते, अन् तवर ती भिंत गुलाबी चट्ट्यांची दिसते. दोन हात पाहून मालक घाबरते. खाली आधी राखाडी किंवा त्याच रंगाच्या फिक्या शेडचा हात द्या. अन् पाटावर बी तेवढेच हात मारा जेवढे भिंतीवर लागणार आहे. हातांची मजुरी आधीच ठरवा.

उजेडाचा_हिशेब

लाल खालचं झाकत नाही याचं कारण असं की झाकायची ताकद मुख्यतः टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्याची असते आणि भडक लालमध्ये ते घालता येत नाही, घातलं तर लाल गुलाबी होतो.

आणखी एक, काही कंपन्या शेडसोबत एलआरव्ही देतात. भिंत किती उजेड परत फेकते त्याचा तो आकडा, काळ्यासाठी शून्याजवळ, पांढऱ्यासाठी १०० च्या दिशेने. तुमच्या मुलीची खोली एकाच खिडकीची असेल आणि उन्हाळ्यात तिथे कूलर बसणार असेल, तर लाल एकाच भिंतीवर ठेवा आणि उरलेल्या तीन ६० च्या वरच्या ठेवा. नाहीतर भर दुपारी दिवा लावून अभ्यास करावा लागेल.

नवे_घर_हुडकेश्वर

धन्यवाद मंडळी. थांबतो. शेवटची शंका: पाट पाहून ठरवलं, लेखी मंजूर केलं, आणि तरीही पहिला हात पडल्यावर मन बदललं तर? पूर्ण घराचा रंग तर आधीच विकत आणलेला असेल, आणि दुकानदार टिंट केलेला, म्हणजे रंगद्रव्य घातलेला, डबा परत घेत नाही.

इतवारीकर

टिंट केलेला डबा परत घेता येत नाही हे खरं. तो दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. पण सगळे डबे एकाच दिवशी टिंट करायची गरजच नाही. हिशेब करून लागेल तेवढा बेस एकाच बॅचचा बाजूला काढून ठेवायला सांगा आणि त्यातला फक्त एक डबा टिंट करून न्या. गुळगुळीत भिंतीवर दोन हातांना १ लीटर साधारण १०० ते १४० चौरस फूट जातो, त्यामुळे ४ लीटरमध्ये एक मोठी भिंत आरामात होते. ती भिंत पूर्ण करा, दोन्ही हात. पसंत पडली की उरलेले डबे त्याच कोडने काढून देतो. नाही पडली तर न फोडलेला बेस तसाच असतो, त्यात दुसरी शेड काढता येते, फक्त नवी शेडही त्याच बेसमध्ये बसणारी हवी. हे दुकानदाराशी पहिल्याच दिवशी बोलून घ्या, बिलावर लिहून घ्या.

रोलरभाऊ

अन् सुरुवात त्या भिंतीपासून करा जिच्यावर सर्वांत कमी उजेड आहे. तिथं पसंत पडली तर बाकी तीन भिंतींची काळजी नाही. दुसरा हात वाळून सकाळ होऊ द्या, मग मालकाले बोलवा. नंतरचे डबे आले की ते मोठ्या बादलीत एकत्र करून मगच मारा, म्हणजे डब्या-डब्यातला बारीक फरक भिंतीच्या मधोमध दिसत नाही. थोडासा रंग बाटलीत भरून, वर कोड लिहून ठेवा. टचअपले लागते.